श्वासाला दिलेलं थोडं ओझं

हे वाचायची घाई नाही. वाचता वाचता दम लागला तर कागद खाली ठेवा, किंवा उशाशी बसलेल्या माणसाच्या हाती द्या आणि त्याला सावकाश वाचायला सांगा. मधे कुठेही थांबलात तरी काही बिघडत नाही.

हृदय कमजोर झाल्यामुळे जो दवाखान्यात भरती आहे, त्याच्यासाठी हे आहे. पहिले अवघड दिवस मागे पडलेत. शिरेतून दिलेल्या लघवीच्या औषधाने छातीतलं पाणी उतरू लागलंय. मास्क जाऊन नाकाशी बारीक नळी आलीय, किंवा तीही निघालीय. डॉक्टर राउंडला येऊन "आता बरं आहे" म्हणून गेलेत. ज्याला आत्ता या घडीला जोराची धाप लागलेली आहे, त्याने मात्र हे बाजूला ठेवावं आणि सिस्टरना हाक मारावी. मनन नंतर होईल.

आधी नीट बसू या. पलंगाचा डोक्याकडचा भाग वर करून घ्या, किंवा परवानगी असेल तर पाय खाली सोडून खुर्चीत बसा. पाठ टेकलेली असू दे. खांदे कानांकडे चढले असतील तर त्यांना खाली येऊ दे. सलाइनची नळी, बोटाला लावलेला चिमटा, बाजूला वाजणारं यंत्र, या सगळ्याला आपापल्या जागी राहू दे. समोरच्या खाटेवरचं बोलणं कानावर पडेल, तेही पडू दे.

बसल्यावर छाती मोकळी होते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. घरी आधी एका उशीवर झोप लागायची, मग दोन लागल्या, मग तीन. शेवटी शेवटी तर रात्र पलंगाच्या कडेला बसून काढली असेल. आडवं पडलं की पायांकडचं रक्त छातीकडे येतं, थकलेल्या हृदयाला तेवढं पुढे ढकलता येत नाही, आणि मागे फुप्फुसांत तुंबारा होतो. मध्यरात्री घाबरंघुबरं होऊन उठणं आणि खिडकीशी जाऊन उभं राहणं त्यातूनच येतं. भरती करताना डॉक्टरांनी "झोपताना किती उश्या लागतात?" असं विचारलं असेल, ते याचसाठी. कुणी न सांगता तुम्ही उठून बसलात, तेव्हा शरीराला नेमकं काय करायचं ते कळलेलं होतं.

आता एक हात पोटावर ठेवा, बेंबीच्या वर, जिथे बरगड्या दोन्ही बाजूंना फाकतात तिथे. श्वास मुद्दाम मोठा करू नका. जसा येतोय तसा येऊ दे. हाताखाली काय हलतं तेवढंच बघा.

हात वर येतो. हात खाली जातो.

जे हलतंय ते फुप्फुस नाही. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही, त्याच्यात तसा स्नायूच नाही. छाती आणि पोट यांच्या मधे एक पातळ, वरच्या बाजूने फुगीर असा स्नायूचा पडदा ताणलेला आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात, दवाखान्यात डायफ्रॅम. तो आकसून खाली उतरतो, पोटातल्या अवयवांना खाली दाबतो, म्हणून तुमचा हात वर येतो. वर छातीत जागा होते आणि हवा आत शिरते. बरगड्यांमधले स्नायू मदतीला असतात, पण स्वस्थ बसलेलं असताना बरंचसं काम हा एकटा पडदा करतो. त्याला हुकूम देणारी नस निघते मानेतून आणि हृदयाच्या अगदी कडेने खाली उतरते. हृदय आणि श्वासपटल इतके जवळ राहतात की हृदयाभोवतीचं आवरण या पडद्याला चिकटलेलंच असतं.

तिथेच थोडा वेळ हात राहू दे.

मिनिटाला 14 श्वास धरले तरी दिवसाकाठी 20,000 होतात. भरती झालात त्या रात्री मिनिटाला 30 तरी चालले असतील. त्या वेळी गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, मानेचे आणि खांद्याचे स्नायूही कामाला लागले होते, बोलताना एक वाक्य पुरं होत नव्हतं. पाण्याने जड झालेलं फुप्फुस लवचीक राहत नाही, ते फुगवायला जास्त जोर लागतो. म्हणजे काम वाढलं. आणि त्याच वेळी हृदय कमी रक्त पुरवत होतं, म्हणजे त्या पडद्याला मिळणारी शिदोरी घटली. भूक मेलेली, खाणं कमी, चालणं बंद. महिनोन्‌महिने असं चाललं की श्वासाचा स्नायू दुबळा होतो. हृदय कमजोर झालेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेलेत, त्यांच्या ठेवणीतच बदल झालेले दिसतात.

दवाखान्याच्या बाकड्यावर सगळे एकमेकांना एकच आकडा विचारतात: "पंपिंग किती आहे?" कुणी तीस सांगतं, कुणी पस्तीस, आणि ऐकणारा त्यावरून माणसाचं भविष्य ठरवून मोकळा होतो. इको तपासणीतला तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण जिना चढताना तिसऱ्या पायरीवर कोण थांबेल आणि कोण वरपर्यंत जाईल, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. पंपिंग सारखंच असलेली दोन माणसं अगदी वेगवेगळी चालतात, कारण पायांचे स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, मनातली धास्ती आणि श्वासाचा स्नायू हे सगळे त्यात वाटेकरी असतात. या पडद्याची कुणी चौकशीच करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला धाप लागते तेव्हा "हृदयच गेलंय, आता काय होणार" असं मनात येतं. पण त्या धापेतला एक भाग दमलेल्या स्नायूचा असतो, आणि स्नायूला थोडं ओझं देऊन त्याची ताकद वाढवता येते.

हे वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल. वाचून झालं की एक साधा श्वास घ्या आणि हाताखालच्या त्या हालचालीकडे परत या.

आता मनात एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. जो आधीच इतका राबतोय, त्याच्यावर आणखी ओझं कशाला? त्याला विश्रांती नको का?

एकेकाळी हृदयाच्या सगळ्याच रुग्णांना हेच सांगितलं जाई. हृदयविकाराचा झटका आलेल्याला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवून ठेवत, कूससुद्धा दुसऱ्याने बदलून द्यायची. 1952 साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला, तेव्हा ते धाडस होतं. आज झटक्यानंतर खुर्चीत बसवणं ही रोजची गोष्ट आहे. तरी आपल्या घरांतून "पडून राहा, हलू नका" हा धाक अजून गेलेला नाही. तो मायेपोटी असतो, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

श्वासपटल दिवसरात्र हलतं हे खरं. पण नुसतं रखडत राबणं वेगळं आणि सराव वेगळा. सरावात ओझं मोजलेलं असतं, थोडा वेळ असतं, आणि नंतर विश्रांती ठरलेली असते. त्या विश्रांतीतच स्नायू बळावतो. हातापायांच्या स्नायूंचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. श्वासाचे स्नायूही त्याच नियमाने चालतात, हे 1976 साली डेव्हिड लीथ आणि मार्क ब्रॅडली यांनी निरोगी माणसांवर दाखवलं. ज्यांनी ताकदीचा सराव केला त्यांची ताकद वाढली, ज्यांनी टिकाव धरण्याचा सराव केला त्यांचा टिकाव वाढला.

मग ओझं किती द्यायचं? इथे मोजमाप लागतं, आणि ते फिजिओथेरपिस्टचं काम. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, श्वास पूर्ण सोडायला सांगतात, आणि मग सगळा जीव लावून आत ओढायला लावतात. नळीचं तोंड बंदच असतं. हवा येत नाही, फक्त तुमची ओढ किती आहे ते समजतं. एखाद-दुसरा सेकंदच हे करायचं असतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्लॅक आणि हायॅट या दोघांनी 1969 साली निरोगी माणसांचे असे दाब मोजून वयाप्रमाणे त्यांची कोष्टकं छापली. धडधाकट पुरुषाचा आकडा साधारण 100 च्या आसपास येतो, बायकांचा त्याहून कमी, आणि वयाबरोबर तो उतरतो. तुमच्या वयाला जो अपेक्षित आहे त्याच्या 70 टक्क्यांहून खाली आला, तर श्वासाचा स्नायू दुबळा आहे असं धरतात.

हा आकडा असतो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. शहाळ्यात नळी घालून पाणी ओढता, तेव्हा पाणी नळीतून जितके सेंटिमीटर वर चढतं तितका दाब तुमच्या ओढीने तयार केलेला असतो. पाणी ओठांपर्यंत 15 सेंटिमीटर चढलं, तर ओढ 15 ची. (खरं शहाळं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. शिवाय तुमचं दिवसाचं पाणी मोजून ठरवलेलं असतं.) फरक इतकाच, की शहाळं पिताना गालांनी ओढलं तरी चालतं. इथे गालांचं काम नाही. ओढ खालून, हाताखालच्या त्या पडद्याकडून यायला हवी.

समजा तुमची सगळ्यात मोठी ओढ 50 भरली. तिच्या 30 टक्के म्हणजे 15. बऱ्याच अभ्यासांत एवढ्याच ओझ्यावर काम झालंय. अशक्त माणसाला पहिल्या दिवशी त्याहूनही कमी देतात. पूर्ण ताकद लावायची गरज नाही, हे लक्षात असू द्या. आपल्याला वाटतं, जितकं जोरात तितकं चांगलं. इथे ते खरं नाही.

हे ओझं देणारं सरावाचं यंत्र हातात घ्या. मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची नळी, आत एक झडप, झडपेवर स्प्रिंग. स्प्रिंग किती आवळायची ते बाहेरच्या खुणेवरून लावतात. तुमची ओढ त्या खुणेपर्यंत पोचेपर्यंत झडप उघडत नाही, हवा येत नाही. पोचली की उघडते. श्वास हळू घ्या की भराभर, झडपेला फरक पडत नाही, ती फक्त दाब ओळखते. श्वास सोडताना मात्र काहीच अडत नाही.

तुमच्या खाटेशेजारच्या कपाटावर आणखी एक वस्तू असण्याची शक्यता आहे: तीन कप्पे, तीन रंगीत गोळ्या. ती वेगळी. तिच्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, ते हवा किती वेगाने ओढली याचे. ऑपरेशननंतर फुप्फुसांचे मिटलेले कोपरे उघडावेत म्हणून ती देतात, आणि ते काम महत्त्वाचं आहे. पण तिच्यात स्नायूला म्हणावं असं मोजलेलं ओझं नसतं. तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून श्वासाचा स्नायू बळकट झाला, असं समजू नका. ही गल्लत इतक्या वेळा होते की फिजिओंना तोंडावर विचारून घ्या: "हे फुप्फुस उघडायचं आहे की स्नायूच्या ताकदीचं?"

आता एक श्वास घेऊ. फिजिओ जवळ असतील तर यंत्रासह, नाहीतर नुसता मनात.

श्वास सोडा. सगळा पिळून काढायचा नाही, सहज निघेल तेवढा.

ओठ नळीभोवती घट्ट मिटा. खांदे खाली.

आता आत ओढा.

पहिल्या क्षणी काहीच येत नाही. तुम्ही ओढता आणि दार बंद असतं. या एका क्षणासाठीच आपण इतका वेळ बसलो आहोत. घाबरू नका, पण भीती वाटली तर ती का वाटते ते बघा. मध्यरात्री घरी जे झालं होतं, तेही असंच होतं: ओढतोय आणि येत नाही. शरीर ते विसरलेलं नाही. छातीवर काहीतरी अडलं की शरीराला वाटतं, तेच परत आलं. डोळे मोठे होतात, खांदे चढतात, हात नळी काढायला धावतो.

काढलीत तरी चालेल. काढा, दोन-चार साधे श्वास घ्या, पोटावर हात ठेवा. काढता येते, हेच आत्ता शिकायचं आहे. त्या रात्रीच्या धापेला काढून ठेवता येत नव्हतं. ती कधी थांबेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, घरच्यांना ठाऊक नव्हतं, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. हा अडथळा तुम्ही स्वतः ओठांशी आणलाय. त्याला आकडा आहे. तो केव्हा संपवायचा ते तुमच्या हातात आहे. आत ओढताना लागणारा जोर दोन्ही वेळी सारखा वाटेल, पण एकीकडे आपण सापडलेलो असतो आणि दुसरीकडे आपण होऊन गेलेलो असतो. माझ्या मते या सरावाची अर्धी किंमत इथेच आहे. स्नायूला बळ यायला आठवडे लागतात. धापेची ओळख बदलायला कदाचित त्याहून कमी.

पुन्हा एकदा. ओठ मिटा, खांदे खाली, ओढा.

आता झडप उघडते. बारीकसा आवाज होतो आणि हवा आत येते. येत राहू दे, छाती भरेपर्यंत. मग तोंडाने सोडा, सावकाश, न अडता. मधे श्वास रोखून धरू नका आणि कुंथू नका. कुंथल्याने छातीतला दाब एकदम बदलतो, हृदयावर त्याचा ताण येतो.

थांबा. साधे श्वास घ्या. पुढचा श्वास तयार होईल तेव्हाच.

पाच-सहा झाले की यंत्र मांडीवर ठेवा. दमणूक किती झाली ते स्वतःला विचारा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने यासाठीच 0 ते 10 अशी मोजपट्टी करून ठेवलीय. 0 म्हणजे दम अजिबात नाही, 10 म्हणजे सोसवणार नाही इतका. तीन-चारच्या आसपास असाल तर ठीक. त्याच्या वर गेलात तर आजचं इतकंच. फिजिओ तुम्हाला बोटाने आकडा दाखवायला सांगतील, तेव्हा त्यांना खूश करायला कमी सांगू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं हमखास कमी सांगतात, "काही नाही हो, बरं आहे" म्हणतात. इथे खरं सांगणं हाच उपचार आहे.

आता पायांकडे लक्ष न्या. पांघरुणाखाली ते कसे आहेत? सूज उतरलीय का? जड वाटतात का? श्वासाचा आणि पायांचा इथे एक जवळचा संबंध आहे, आणि तो कळल्यावर मला हा सगळा विषय वेगळा दिसू लागला.

ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्री म्हणून शहर आहे. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात जोर्जे पिंटो रिबेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय कमजोर असलेल्या आणि श्वासाचा स्नायूही दुबळा असलेल्या 32 जणांना घेतलं. अर्ध्यांना 30 टक्के ओझ्याचं यंत्र दिलं, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण ओझं नसलेलं. रोज अर्धा तास, 12 आठवडे, घरी. 2006 साली निष्कर्ष छापले गेले: ओझं घेतलेल्यांची श्वासाची ताकद दुपटीहून वाढली होती, आणि 6 मिनिटांत चालता येणारं अंतर 19 टक्क्यांनी. पायांना कुणी हात लावला नव्हता. चालण्याचा व्यायाम सांगितला नव्हता. तरी माणसं लांबवर चालली.

असं का, याचं उत्तर त्याच गटाने 2008 मध्ये दिलं. श्वासाचा स्नायू दमला की त्याच्यातून मज्जातंतूंमार्गे एक हाक जाते, आणि शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, म्हणजे श्वासासाठी रक्त शिल्लक राहील. शरीराच्या दृष्टीने हा हिशोब बरोबर आहे: चालणं थांबलं तर चालेल, श्वास थांबून चालणार नाही. पण त्याची किंमत पाय देतात. बाथरूमपर्यंत जाता जाता पाय गळून येतात, ते काही अंशी यामुळे. चार आठवड्यांच्या सरावानंतर श्वासपटल जाड झालेलं सोनोग्राफीत दिसलं, आणि श्वासावर ओझं आलं तरी पायांचं रक्त पूर्वीइतकं तुटेनासं झालं.

डोळे मिटून एकदा हे मनात आणा. वरचा पडदा दमला, म्हणून खालचे पाय उपाशी राहिले. पडद्याला बळ आलं तर त्याला पायांचा घास काढून घ्यावा लागणार नाही. घरी गेल्यावर तुम्हाला देवघरापर्यंत, अंगणापर्यंत, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं आहे. ते सगळं अंतर या हाताखालच्या हालचालीशी बांधलेलं आहे.

काही गोष्टी घाईने पण स्पष्ट सांगतो. छातीत दुखत असेल, ठोके अनियमित झाले असतील, नुकताच झटका येऊन गेला असेल, फुप्फुसाभोवती हवा साठल्याचं निदान झालं असेल, छातीचं ऑपरेशन ताजं असेल, कानाच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी "करा" म्हटल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. करताना चक्कर आली, छातीत दुखलं, धडधडलं, किंवा बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला, तर थांबा आणि सांगा. जेवल्यावर लगेच नको. यंत्र ज्याचं त्याने वापरावं, शेजारच्या खाटेला उसनं देऊ नये.

"म्हणजे हा प्राणायामच ना?" असं तुम्ही म्हणाल, आणि वॉर्डात हा प्रश्न हमखास निघतो. नातं आहे, पण दोन्ही एक नाहीत. प्राणायामात लय असते, ओझं मोजलेलं नसतं. कुंभक किंवा कपालभाती या अवस्थेत कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. पण सावकाश श्वासाला स्वतःचं मोल आहे. इटलीतल्या पाविया इथल्या लुचानो बेर्नार्दी यांनी निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला 6 च्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. 2001 साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधी त्यांनीच हृदय कमजोर असलेल्यांमध्ये सावकाश श्वासाने रक्तातला ऑक्सिजन वाढलेला दाखवला होता. तेव्हा संध्याकाळी हरिपाठ म्हणायची सवय असेल तर दवाखान्यात ती सोडू नका. नळीचा सराव एका वेळी, नाम दुसऱ्या वेळी. एकाने ताकद येते, दुसऱ्याने श्वासाची धावपळ कमी होते.

उशाशी बसलेल्यांनो, तुमच्याशीही थोडं बोलायचं आहे. रात्रभर स्टुलावर बसून तुमचीही पाठ मोडलीय, मला ठाऊक आहे. सराव चालू असताना "जोरात ओढा, अजून जोरात" असं म्हणू नका. मोठ्याने आकडे मोजू नका. पलीकडच्या खाटेवरचे काका किती करतात ते सांगू नका. नुसतं बघा: खांदे चढतात का, ओठांचा रंग बदलतो का, बोलताना वाक्य पुरं होतं का. झाल्यावर कागदावर तारीख, स्प्रिंगचा आकडा आणि किती श्वास झाले ते लिहा. सकाळच्या वजनाशेजारी, लघवीच्या मापाच्या वहीतच लिहिलं तरी चालेल. आणि तुमच्या आईला किंवा वडलांना एखाद्या दिवशी नको वाटलं, तर त्या दिवशी आग्रह करू नका.

अपेक्षा कशाची धरायची तेही बोलून घेऊ. खणखणीत पुरावा आहे तो मुख्यतः घरी स्थिर असलेल्या रुग्णांचा. दवाखान्यातच सुरुवात करण्याचे अभ्यास लहान आहेत. अमेरिकेत 60 वर्षांवरच्या, हृदय बिघडून भरती झालेल्या 349 रुग्णांपैकी सुमारे अर्ध्यांना भरती असतानाच ताकद, तोल, चाल आणि टिकाव यांचा सराव सुरू केला, पुढे घरी सोडल्यावरही चालू ठेवला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. माणसं जास्त बरी हिंडू-फिरू लागली. पुन्हा भरती व्हायचं प्रमाण मात्र ठळकपणे कमी झालेलं दिसलं नाही. तो श्वासाच्या नळीचा अभ्यास नव्हता, पण लवकर उठवल्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही हे त्यातून कळतं. गोळ्यांची जागा हा सराव घेऊ शकत नाही. मीठ कमी करण्याची जागा तर मुळीच नाही, पापड-लोणचं बंद ते बंदच. ज्याच्या श्वासाचा स्नायू मुळात दुबळा आहे त्याला जास्त फायदा होतो, म्हणून मोजून घ्यायचं.

आणि वेळेचा हिशोब असा, की दवाखान्यात तुम्ही आठवडाभर असाल, फार तर थोडं जास्त. स्नायूला लागतात सहा ते बारा आठवडे. म्हणजे इथे सगळं काम उरकणार नाही. इथे फक्त नळी तोंडाला लावायची, घाबरायचं, काढायची, परत लावायची, आणि किती ओझं आपलं हे समजून घ्यायचं, तेही कुणीतरी जाणतं शेजारी उभं असताना. बाकीचं घरी.

आणखी एकदा पोटावर हात ठेवा. काही बदलू नका. दहा श्वास नुसते जाऊ द्या, मोजायचे वाटले तर मोजा. सुरुवातीला हात ठेवला होता तेव्हापेक्षा हालचाल कदाचित थोडी खाली, थोडी रुंद जाणवेल. नाही जाणवली तरी हरकत नाही.

घरी सोडायच्या दिवशी गडबड असते, बिलाची, गाडीची, औषधांच्या पिशवीची. त्या गडबडीत फिजिओंना गाठा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: श्वासाचा दाब आज किती भरला, स्प्रिंग कितीवर लावलीय, आणि दिवसातून किती वेळ करायचं. स्नायू बळावला की तेच ओझं हलकं पडतं आणि सराव पुढे सरकत नाही, म्हणून पुढच्या तपासणीला जाताना यंत्र पिशवीत घालून न्या, दाब पुन्हा मोजून घ्या, आणि आकडा वाढला असेल तर स्प्रिंग त्यांच्याकडूनच नव्या खुणेवर लावून घ्या.